नीरजाचा गाऊन

माझ्या उजव्या छातीत दुधाची गाठ होऊन सणसणून ताप भरला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ते दूध बिघडलं असणार हो. बाळाला देऊ नको.” मग धाकट्या जावेने, नीरजाने, आपल्या आठ महिन्यांच्या अवनीबरोबर त्यालाही पाजायला घेतलं. पलीकडच्या खोलीतून त्याचं घटाघटा पिणं ऐकू यायचं, आणि गाठीपेक्षा तेच ठणकायचं. दोन दिवसांनी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी औषध देऊन बजावलं, “दूध चांगलं आहे. दुखलं तरी त्याच बाजूला पाजा, नाहीतर गाठ वाढेल.” घरी येऊन मी बाळाला छातीशी धरलं, तर त्याने तोंड फिरवलं आणि भोकाड पसरलं. “वहिनी, त्याला माझ्या वासाची सवय झालीय. हा घालून बघा,” म्हणत नीरजाने सकाळी अंगातून काढलेला गाऊन पुढे केला. तो मागच्या आगरात, माडांखाली फेकून द्यावासा वाटला, पण घातला. बाळ लगेच प्यायला लागलं. कळ खांद्यापर्यंत गेली, मी दात आवळून बसले. दूध माझं होतं, पण त्याच्या लेखी पाजत तीच होती. तेवढ्यात झोपेला आलेली अवनी रांगत आली आणि गाऊनमध्ये तोंड खुपसून माझ्या मांडीला बिलगली. “ये गं सोन्या, आई इकडे आहे,” नीरजाने दारातून हात पसरले. अवनी हलली नाही. नीरजाचा चेहरा उतरला. दोन दिवस माझाही असाच दिसत असणार. “राहू दे गं,” मी म्हणाले, “मी थोपटते तिला.”