खेकडा धरण्याची रीत

थिएटर पोट धरून हसत होतं, हिरी तेवढी गप्प. पडद्यावरचा मिशाळ पालक आदिवासी पोरीला खेकडा धरायला शिकवत होता.

शेजारी बसलेल्या गोमाजी हवालदारांच्या मिशांना बिबट्यासुद्धा वाट द्यायचा, पण त्यांनी सांभाळायला आणलेली ही कातकरी पोर बोलतच नव्हती. रुळली नाही, तर सोमवारी संस्थेच्या बाई तिला परत नेणार होत्या.

परतताना ओढ्यापाशी ती पहिल्यांदाच बोलली, "असा कोण धरतो खेकडा?"

"मी!" हवालदारांनी बिळात हात घातला आणि अशी बोंब ठोकली, की तीन गावांचे बगळे उडाले.

हिरी खदखदून हसली. "ओढू नको, आबा. हात पाण्यात ढिला ठेव."

खेकड्यानं बोट सोडलं. हवालदार बोट चोखत काठावर बसले.

"बाईंना सांगते," ती म्हणाली, "या आबाला एकटं ठेवता येणार नाही."