लेकाचं तारण

"सांगा तुळजाबाई, तुमच्या तारणासाठी देवानं काय दिलं?" शांतवन मास्तरांनी विचारलं.

उत्तर तुळजाबाईला पाठ होतं. सोलापूरकडनं तामलवाडीचा नाका ओलांडून मिशनचे मास्तर दर रविवारी निजामाच्या मोगलाईत यायचे आणि लिंबाखाली बसून नवराबायकोकडनं ते घोकून घ्यायचे. आज तर तांब्या घासूनपुसून, पाणी भरून समोर ठेवला होता. एवढा सवाल संपला की बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर, आणि मग ती आणि गोरोबा दोघंही प्रभूचे.

"आपला एकुलता एक लेक दिला," ती म्हणाली, आणि तिथंच अडली. इतके रविवार नुसती तोंडानं म्हणत होती. आज ते तिच्या स्वतःच्या कानांवर पडलं.

"मास्तर, म्हंजी देवानं बी लेकच तारण ठिवला व्हय?"

"ठेवला नाही, बाई. दिला."

"तेच की. आमी बी दिलाय."

गोरोबा मान खाली घालून काडीनं माती उकरायला लागला. तिकडं सातासमुद्रापार लढाई लागली आणि इकडं जवारी मिळेनाशी झाली, तेव्हा गावच्या देशमुखानं पोतंभर जवारी दिली होती आणि तारण म्हणून त्यांच्या सिदूला मागून घेतलं होतं, गुरांमागं. गडीमाणूस घरी राहिला तर कुठून तरी चार घास येतील, असं नवराबायकोनं मिळूनच ठरवलं. जवारी कधीच संपली. पोरगं अजून तिकडंच होतं.

"शब्द एकच आहे, पण अर्थ वेगळा," मास्तर समजुतीनं म्हणाले. "तुम्ही म्हणता ते गहाणाचं तारण. हे तारण म्हणजे सुटका."

"म्हंजी अडकलं तरी तारण, आन सुटलं तरी तारणच?"

मास्तर चाचपडले. माणूस भला, काहीतरी ठोकून द्यायचं त्यांना जमत नव्हतं. "तो अडकला म्हणून आपण सुटलो," ते शेवटी म्हणाले. "आपल्या जागी तो उभा राहिला. असं आहे ते."

तुळजाबाईच्या डोक्यात नुसता गुंता झाला. सिदू अडकला म्हणून तिच्या पोटात भाकरी गेली, हे तर खरंच होतं. मग देवानं केलं तेच त्यांनीही केलं की. त्याला मात्र हात जोडायचे, आणि आपल्याला रात्रंदिवस घोर. असं का? तिला रडू येत होतं, आणि नेमकं कशाचं ते समजत नव्हतं.

"धीर धरा, बाई. जो शेवटपर्यंत टिकतो तो तरतो, असं शास्त्रातच आहे."

"पर टिकायचं कुनी? म्या का सिदूनं?"

लिंबाची पिवळी पानं तांब्यात पडत होती, ती मास्तर वेचून काढत बसले.

"बरं, ऱ्हाऊ द्या त्ये," तुळजाबाईलाच त्यांची कीव आली. "त्या लेकाचं म्होरं काय झालं? का बसला तसाच?"

मास्तरांचा चेहरा खुलला. "छे, छे. तिसऱ्या दिवशी सुटला."

"सोडवला कुनी?"

"बापानंच."

गोरोबानं मान वर केली. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "बापानंच?"

"दुसरं कोण सोडवणार, गोरोबा? बापानंच."

गोरोबानं हातातली काडी टाकली. उठला, धोतर झटकलं, पटका नीट बांधला आणि वहाणांत पाय सरकवले.

"अहो, पाणी घ्यायचं राहिलंय," मास्तर गडबडून उठले.

"लेकरू आनतो. मंग घिऊ."

"देशमुख असाच सोडंल व्हय?" तुळजाबाई मागनं म्हणाली. गोरोबा तोवर बांधाला लागला होता.

मास्तर त्याच्या मागं निघाले, तर तिनंच त्यांना बसवलं. परमुलखातला माणूस, देशमुखाच्या गड्यांनी उगी चोप दिला असता. मग हाताला काही काम हवं म्हणून तिनं चूल पेटवली. गोरोबाच्या वाटची भाकरी थापली, मास्तरांच्या वाटची थापली. सिदूच्या वाटची थापावी का नको, हे कळेना. शेवटी थापलीच.

उन्हं कलली तेव्हा बांधावर पोरगं दिसलं. चांगलं उंच झालेलं. पायांतल्या वहाणा त्याला मोठ्या होत होत्या आणि प्रत्येक पावलाला फटक फटक वाजत होत्या.

तिनं त्याला पोटाशी धरलं. त्याच्या केसांना शेणाचा, गोठ्याचा वास होता. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर दुसरं काही सुचलंच नाही. मग तिनं त्याच्या खांद्यावरनं वाटेकडं बघितलं.

"बा मागनं येतुया?"

"न्हाय," सिदू म्हणाला. "माज्या जागी बसला त्यो. देशमुख म्हनला, पोराच्या बदली बाप्या मिळतुया, मला काय, लई झ्याक. वहाना बानंच दिल्या. म्हनला, वाटंला काटं हायती."

तुळजाबाई चुलीपुढं जाऊन बसली. पोरगं आलं म्हणून हसावं, का धनी गेला म्हणून रडावं? चेहरा कसा करावा तेच तिला समजेना.

"आनि बानं मास्तरांस्नी निरोप दिलाय," सिदू म्हणाला. "माज्या वाटचं पानी ठिवा म्हनावं."

तुळजाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि मास्तरांकडं वळली.

"मास्तर, आता काय म्हनायचं? तारण झालं, का सुटलं?"

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा काढला, आणि पाण्याचा तांब्या झाकून ठेवला.