नुसतं बसायचं काम

"मामा, शर्ट काढा," सिस्टर म्हणाल्या.

नळवाल्याने आधी मागे वळून पाहिलं. ज्यांचे ज्यांचे नळ त्याने दुरुस्त केले, ते सगळे त्याला मामाच म्हणायचे, आणि पैसे देताना त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला मामा बनवलंही होतं. पण खरोखरीचा मामा तो कालच झाला होता. तोही ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी.

"शर्ट? कुठे गळतंय का?"

"काही गळत नाही. हात धुतलेत तशी छातीही स्वच्छ पुसा आणि त्या खुर्चीत मागे रेलून बसा."

सकाळपासून तो दिसेल त्याला "मी काही करू का?" विचारत होता. कुणी काही सांगेना, तेव्हा त्याने आपली कामं आपणच शोधली. सलाइनच्या स्टँडचं डुगडुगणारं चाक आवळलं, दाराच्या बिजागरीला तेल घातलं, ओळख ना पाळख अशा लोकांना चहा आणून दिला. "ह्यांच्या मदतीपेक्षा तिचा आवाजच जास्त," असं त्याची बायको म्हणते. पण आज हात थांबले की नको ते विचार यायचे, म्हणून तो हात थांबू देत नव्हता.

वरच्या मजल्यावर त्याची बहीण अजून शुद्धीवर यायची होती. मेहुणा बोटीवर नोकरीला, परवा पोचणार. आणि इथे काचेच्या पेटीत ओंजळीत मावेल एवढी भाची, जी श्वास घ्यायचा विसरत होती.

खरंच विसरत होती. भराभर श्वास घ्यायची आणि मधेच थांबायची, पुढचा शब्द आठवत नसल्यासारखी. मशीन ओरडायचं. सिस्टर पेटीत हात घालून तळपायाला टिचकी मारायच्या. मग तिला आठवायचं. दर वेळी आठवेलच, असं मात्र कुणी म्हणत नव्हतं.

"उघड्या छातीवर ठेवलं की ही बाळं कमी विसरतात," सिस्टर म्हणाल्या. "आईची छाती मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. आज तुमच्यावर भागवू."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. बसायचं. श्वास घ्यायचा."

"तो तर मी रोजच घेतो."

"आज जरा मन लावून घ्या."

त्याने शर्ट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बसला. सिस्टरांनी भाचीला वायरींसकट उचलून त्याच्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून दुलई घातली. वजन असं काही जाणवलंच नाही. जाणवली ती ऊब, आणि त्या उबेच्या आतली फडफड. तिचा कान नळातल्या वायसरएवढा होता. पण वायसर कधी असा घडीव नसतो. त्याला वाटलं, हे ज्याने कुणी घडवलं, त्याने किती वेळ घेतला असेल, आणि आपण काल म्हणत होतो, घाई झाली.

"सिस्टर, हात कुठे ठेवू?"

"एक तिच्या पाठीवर. दाबायचं नाही, नुसता असू द्या. दुसरा कुठेही."

दुसऱ्याने त्याने खुर्चीची दांडी धरली. थोड्या वेळाने म्हणाला, "नाक खाजतंय."

सिस्टरांनी कापसाच्या बोळ्याने त्याचं नाक खाजवलं.

खिशातला फोन थरथरला. कुणाचा तरी नळ तुंबला असणार. तो जागचा हलला नाही. त्याच्या एका श्वासात तिचे तीन-चार बसत होते. तो भरला की ती वर जायची, तो सोडला की खाली यायची. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की श्वास घेणं हे काम आहे, आणि आपण ते बरं करतो.

बराच वेळ मशीन गप्प राहिलं. बंद तर नाही पडलं, म्हणून सिस्टरांनी वायर चाचपली. चालू होतं.

मग त्याच्या तळहाताखालची फडफड थांबली.

मशीन ओरडायच्या आधी ते त्याला कळलं. सिस्टरांनाही त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांचा हात दुलईखाली तिच्या पायापाशी गेला, टिचकीचं बोट वाकलं. पायांवर उभं राहावं, ओरडावं, कुणाला तरी बोलवावं, असं सगळं त्याच्या अंगात एकदम उसळलं. त्याने दांडी घट्ट धरली आणि बसून राहिला. हलली ती फक्त बोटं, तीही दांडीवरची. पाठीवरचा हात होता तसाच होता, नुसता असलेला.

दुलई हलत नव्हती. त्याची छातीही हलत नव्हती.

आणि मग, टिचकी बसायच्या आत, त्याच्या तळहाताला खालून काहीतरी लागलं. इवलीशी पाठ वर आली होती. त्याची छाती तशीच थिजलेली, आणि तिच्यावर ती पाठ आपली आपण वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

सिस्टरांनी बोट सरळ केलं. त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं, मानेची शीर ताठ.

"मामा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तिचा तिने घेतला. आता तुमचा तुम्ही घ्या."