न विचारता सोडलेलं पत्र

“पत्र रागाचं वाटलं तर सोडू नकोस. आधी दहा आकडे मोज, मग फोन लाव. विचार, हे खरंच सगळ्यांना जायचंय का? माणूस चुकतं गं. आपण दारावर कशाला बसलोय मग?”

बू कास्मीनींचा, म्हणजे कास्मीनीबाईंचा, हा आवाज वेनिंगच्या कानात अजून तसाच होता. बूंची खुर्ची मात्र आता तिची होती. विद्यापीठातल्या बाराशे चाळीस शिक्षकांच्या मेलिंग लिस्टवर कुणीही काही पाठवलं, की ते आधी तिच्या पडद्यावर येऊन थांबायचं. यादीवर पुढे सोडायचं, परत पाठवायचं, की टाकून द्यायचं, एवढंच तिनं ठरवायचं.

गुरुवार होता. तिचा उपास होता. दुपारच्या तीनच्या सुमारास डीन पाक हर्जुनोंचं, म्हणजे हर्जुनोसाहेबांचं, पत्र येऊन थांबलं.

ते होतं त्यांच्या मित्राला, पाक तौफानना. पण मित्रानं पाठवलेली सभेची सूचना याच यादीवरून आली होती, आणि डीनसाहेबांनी तिलाच उत्तर दिलं होतं. यादीवरच्या पत्राला दिलेलं उत्तर सगळ्या यादीला जातं. दोन वर्षांपूर्वीही ते हेच विसरले होते.

“बुधवारच्या निवडणुकीची काळजी सोड. कुलगुरू मीच. आपले मास्तर म्हणजे कोंबड्या. सभेत भाताचा डबा दिला की कुणाच्याही अंगणात येतात. बायकांच्या डब्यात एक अंडं जास्तीचं टाक, म्हणजे कुरकुर नाही.”

वेनिंगनं भिंतीकडे पाहिलं. तिथं काचेच्या चौकटीत नियम लावला होता: डीनचे पत्र वाचू नये, त्याबाबत विचारणा करू नये, येताच सोडावे. खाली पाक हर्जुनोंची झोकदार सही.

दोन वर्षांपूर्वी असंच एक पत्र बू कास्मीनींनी अडवलं होतं आणि हळू आवाजात फोनवर विचारलं होतं, “पाक, हे सगळ्यांना जायचंय का?” तेव्हा डीनसाहेबांसमोर पाहुणे बसले होते. पत्र थांबलं, अब्रू वाचली. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः खाली आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “माझी पत्रं चोरून वाचणारी तू कोण?” पुढच्या महिन्यात बूंचं कंत्राट वाढवलंच नाही. एकोणीस वर्षांची नोकरी अशी गेली. नियम मात्र भिंतीवर आला.

जायच्या दिवशी बू आपला चहाचा पेला कागदात गुंडाळत होत्या. “एक वचन दे,” त्या म्हणाल्या. “ज्या दिवशी न विचारता असं पत्र सोडशील, त्या दिवशी माझ्याकडे ये आणि तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्याकडून कळायला नको.”

“तसं होणारच नाही, बू,” वेनिंग हसून म्हणाली होती. वचन दिलं होतं.

तेव्हापासून सोमवार-गुरुवारचा उपास तिनं एकदाही मोडला नव्हता. मागणं एकच होतं, आणि ते मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं.

तिनं टेबलावरची जपमाळ उचलली. एक मणी, दोन मणी. बूंनी शिकवलं होतं तसे बरोबर दहा मोजले.

फोन लावला नाही. पत्र सोडलं.

शेजारच्या टेबलावर एंदाह बसायची. तिच्याही पडद्यावर ते उमटलं आणि तिला हसू फुटलं. “अगं बाई! वेनिंग, हे तू पाहिलंस?”

“पाहायचं नसतं,” वेनिंग म्हणाली.

चौथ्या मिनिटाला फोन वाजला.

“वेनिंग! ते पत्र मागे घे! आत्ताच्या आत्ता!”

“गेलेलं पत्र मागे येत नाही, पाक.”

“अगं, वाचलं नाहीस का तू?”

“तुमचं पत्र वाचायचं नाही, पाक. भिंतीवर लिहिलंय. सही तुमचीच आहे.”

“अक्कल आहे की नाही? एक फोन तरी करायचास!”

“फोन केला होता, पाक,” ती नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी. बू कास्मीनींनी.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पडद्यावर उत्तरं येऊन थांबू लागली. पहिलं म्हाताऱ्या प्राध्यापक सुवर्नोंचं होतं: “कालच्या सभेतला डबा धुऊन परत करत आहे. अंडं खाल्लं, त्याबद्दल क्षमस्व.” वेनिंगनं ते नीट वाचलं. रागाचं त्यात काही नव्हतं. सोडलं. मग दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. साडेचारपर्यंत साठ झाली.

“खुराडं उठलं गं!” एंदाह डोळे पुसत म्हणाली. “आता बुधवारी कोण मत देतंय त्यांना! बूंच्या जिवाला थंडावा मिळेल बघ.”

वेनिंगनं उरलेली पत्रं एंदाहच्या हवाली केली. खणातले खजूर काढून रुमालात बांधले, दोघींपुरते. ओढणी नीट केली.

“अगं, कुठे? खरी मजा तर आता आहे!”

“बूंकडे. सूर्य मावळला की उपास तिथंच सोडीन.”

“एवढी गोड बातमी न्यायची, आणि तोंड असं का?”

वेनिंग जिन्यावर थांबली. बूंना पहिलं वाक्य काय सांगायचं, ते तिनं मनात जुळवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. ‘चुकून’ हा शब्द काही त्यात बसेना.

मग ती तशीच खाली उतरली आणि नदीकडच्या रस्त्याला लागली.