बोलका टाका

कुमुदिनीबाई राजाध्यक्षांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून डॉक्टरांनी तिथे बोलका टाका घातला होता. आतडं काय करतंय ते तो पलंगाशेजारच्या डब्यातून खणखणीत आवाजात सांगायचा. आज वारा सरला तर रात्री वरणभात आणि उद्या घर. नाहीतर नाकात नळी. सकाळपासून वॉर्डात येरझाऱ्या घालून बाईंच्या स्लीपर झिजल्या होत्या. शेवटी पोटात गुरगुरलं, आणि नेमके तेव्हाच लेकीचे सासरे, दाबके वकील, शहाळं घेऊन हजर झाले.

बाईंनी पलंगावर बसून चादर गळ्यापर्यंत ओढली. "या, या. बसा ना."

"आतडं जागं झालं आहे," टाका म्हणाला. "वारा तयार आहे. पेशंट अडवून धरत आहे."

"आई, सोडा ना हो!" नर्स कळवळली.

"व्याह्यांसमोर?" बाई लालबुंद झाल्या. "त्यापेक्षा नळी घाल."

दाबके वकील उठले. बाहेर जातील असं वाटलं, पण ते नुसतेच घसा खाकरून म्हणाले, "विहीणबाई, आमच्या कोर्टात आधीचा एखादा निकाल दाखवला की पुढचं काम सोपं होतं."

आणि त्यांनी डोळे मिटून तो दिला. साऱ्या वॉर्डाने ऐकला.

"हा पेशंटचा नव्हे," टाक्याने तत्परतेने खुलासा केला.

बाईंना हसू आवरेना. उशी पोटाशी दाबून त्या हसत सुटल्या, आणि हसता हसता धरून ठेवलेलं सगळंच सुटलं.

"हा पेशंटचा!" टाका जवळजवळ किंचाळलाच. नर्सने टाळ्या पिटल्या, पलीकडच्या पलंगावरच्या आजींनीही.

बाई चादरीत तोंड लपवून ओरडल्या, "अगं, वरणावर तूप घालायला सांग!"