मागच्या दाराची झडती
गावकऱ्यांना शेअर विकून गावाच्या मालकीचं हॉटेल उभं राहणार होतं, आणि अर्ज घ्यायला अध्यक्ष म्हणून बसली होती चादरीवाली मावशी. जुन्या हॉटेलात तिनं वीस वर्षं चादरी धुतल्या. ती घरी निघाली की मालक रोज मागच्या दारात सगळ्यांदेखत तिची पिशवी उलटी करायचा. साबणाचा तुकडाही कधी सापडला नाही, तरी झडती चुकली नाही. आता त्याच्या हॉटेलला टाळं लागलं होतं आणि तो पिशवी घेऊन रांगेत उभा होता. “ताई, माझे पन्नास शेअर लिहा.” इतकी वर्षं तो तिला नुसतं ‘ए’ म्हणायचा. “आधी पिशवी उलटी करा, मालक.” त्यानं सगळ्यांदेखत पिशवी उलटी केली. टेबलावर नोटा, चष्मा, गोळ्या पडल्या. तिनं सावकाश एकेक वस्तू निरखून पाहिली. “तुम्हाला एकच शेअर मिळेल. दरवर्षी सभेला यायचं, मागच्या दारानं. झडती मी स्वतः घेईन.”