दाजींनी तपासलेली दुरुस्ती

"यापुढे पृथ्वीतलावर कुणाचंही काम पुसलं जाणार नाही!" १९९७ साली पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधल्या कॉम्प्युटर खोलीत हेरंबने गर्जना केली.

"आधी मला तपासू तर दे," दाजी म्हणाले.

प्रोग्रामच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर जगभर फुकट वापरलं जायचं. त्या प्रती मधूनच पुसून टाकणारी त्यातली एक चूक हेरंबने महिनाभर खपून दुरुस्त केली होती. आज संध्याकाळी ती ईमेलने परदेशी गेली, की त्याचं नाव जगभर होणार होतं. पण ती आधी तपासायला मिलमध्ये प्रोग्रामिंग कळणारे दुसरे गृहस्थ म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, हे दाजीच.

दाजी एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले आणि प्रत्येक ओळीला नवी शिवी हासडत गेले. "अल्या, अरे लेका, हे लिहिणाऱ्याचे हात कलम केले पाहिजेत!"

"दाजी, तुमचा मान ठेवून सांगतो," म्हणत हेरंबने त्यांची गचांडी धरली आणि नाकावर ठोसा हाणला. दाजींनी कीबोर्ड त्याच्या टाळक्यात घातला. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून अख्खा सीपीयू उचलून फरशीवर आपटला. डिस्कचे तुकडे खोलीभर उडाले.

दुरुस्तीची दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती.



कपाळावरचं रक्त पुसत हेरंबने कागद-पेन काढलं. "दाजी, मघाशी ज्या ओळींना शिव्या घातल्यात, त्या जरा पहिल्यापासून सांगता का? शिव्यांसकट चालतील."